बोट सोडा, हात धरा

मोपा विमानतळाची काचेची दारं तुमच्या मागे मिटतात आणि आतल्या गारव्याला सोकावलेल्या अंगाला पठाराची झळ लागते. मे महिना आहे. रस्ता नवा, दिवे नवे, कुंड्यांतली फुलझाडंसुद्धा नवी. २०२२च्या डिसेंबरात तर उद्घाटन झालं. पण कुंपणापलीकडे बघितलंत तर पेडणे तालुक्याचा जुना मालक पसरलेला दिसेल. जांभा. गंजाच्या रंगाचा, भोकाभोकांचा, दिवसभर तापून मध्यरात्रीपर्यंत ऊब धरून ठेवणारा. त्याच्या फटींत एक भाडेकरू राहतो, तो माणसाच्याही आधीपासून. दोन-अडीच इंचांचा, तांबूस, पुढचे चिमटे काटकुळे आणि शेपूट मात्र जाड. लाल विंचू. मोठा काळा विंचू दिसायला राक्षस, पण त्याचा डंख बहुतेक वेळा ठणक्यावर निभावतो. जिवावर बेततं ते या काटकुळ्याच्या वाटेला गेल्यावर.

गाडीवाल्याला थांबायला सांगा. तुम्हाला पेडण्यातच जायचंय, फक्त १९५७ सालच्या.

डोळे उघडता तेव्हा पठारावर वाळकं गवत आहे आणि खाली डोंगराच्या कुशीत एका घराच्या खळ्यात चिमणीचा उजेड. पोर्तुगीजांचा अंमल अजून साडेचार वर्षं आहे. पाऊस महिन्यावर आलाय, म्हणून घराघरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई: सुकी मासळी, मीठ, मिरच्या, आमसुलं, मांगरात रचायची लाकडं आणि शेणी. मांगराच्या कुडाला बांधायला माडाची चुडतं आणून टाकलीत, त्यांचा ढीग आठ दिवस तसाच पडून आहे. तिशीतला एक माणूस वरचं चुडत उचलतो आणि हात झटकतो.

"इंचू चावलो रे!"

तुम्ही त्या गर्दीत उभे आहात, पण कुणाला दिसत नाही. सगळे बोटाकडे धावतात. कुणी चुना आणतं, कुणी बोटाच्या वर सुतळी आवळतं, एक पोर मंत्र घालणाऱ्या घाड्याला बोलवायला काळोखात पळतं. घाडी येतो, डहाळी हातात घेऊन पुटपुटत खांद्यापासून बोटापर्यंत उतरवत राहतो. त्याचीही नजर बोटावर. तुमचीही. दुखतं तिथेच बघायचं ही माणसाची जुनी खोड.

तासाभराने माणूस म्हणतो, "आता तसा दुखना नाय." बायका सुटकेचा श्वास सोडतात. घाडी घाम पुसतो.

आता तुम्ही त्याचं बोट सोडा आणि हात धरा.

मे महिन्याच्या उकाड्यात तो हात आत्ताच विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा लागतो. गार आणि ओला. घाम कोपरावरून थेंबाथेंबाने जमिनीवर पडतोय, खाली शेणाने सारवलेल्या जागेवर काळा डाग झालाय. नखांचा रंग गेलाय. मनगटावर बोटं टेकवा: नाडी आहे, पण सुतासारखी, आणि तिला पळायची घाई. त्याला एकदा उलटी झाली, पुन्हा झाली, तोंडाला लाळ सुटलीय. छाती मात्र धडधडतेय, बाहेरून दिसावी इतकी.

घरच्यांत कुजबूज सुरू होते. म्हापशाच्या आझिलो इस्पितळात न्यायचं तर रात्रीची शापोरा नदी ओलांडायची. सावंतवाडी त्या मानाने सोपी, पण सरहद्द बंद. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, तेव्हापासून त्या वाटेने रात्री जायची कुणाची छाती नाही. चुलतभाऊ डिचोलीकडच्या लोखंडाच्या खाणीवर कामाला आहे, सुट्टीला आलाय. तिथे दगड उलटला की खाली हाच निघतो, असं तो सांगतो, आणि खाणीचा ट्रक कुठे मिळेल का याचा हिशोब मांडायला लागतो. त्याला कसं सांगणार? म्हापसा, पणजी, मुंबई, लंडन, कुठेही नेलं तरी आज या हाताचा नेमका उतारा जगात नाही. तो अजून बनलेलाच नाही.

तर मग निदान काय चाललंय ते बघू. या हातात शिरा. शिरांमध्ये नको, धमनीत. आणि मोठ्या धमनीतही नको, बोटांकडे जाणाऱ्या बारीक फाट्यांमध्ये, जिथे भिंत आणि पोकळी जवळजवळ सारख्याच जाडीच्या आहेत.

इथलं घड्याळ वेगळं आहे. वर घाड्याचा एक मंत्र संपेपर्यंत खाली हजारो घटना होऊन जातात, म्हणून काळ चांगलाच ताणून घ्या. भिंतीत चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी रक्ताच्या प्रवाहाला आडव्या गुंडाळल्यात. शाळेच्या पुस्तकात यांना अनैच्छिक स्नायू म्हणतात. दंडाच्या स्नायूसारखे हे हुकमावर आखडत नाहीत; यांचं आवळणं कायम थोडंसं चालूच असतं, आणि त्या 'थोडंसं'चं प्रमाण ठरवण्यात सगळा संसार आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. भिंतीने किंचित मूठ मिटली की हात गार पडलाच म्हणून समजा, आणि त्या मुठीविरुद्ध रक्त ढकलणाऱ्या हृदयाची दमछाक सुरू.

त्या पेशीच्या पटलावर हात ठेवा. पटलात दारं आहेत. आत पोटॅशियम ठासून भरलेलं, बाहेरच्या तीसपट तरी; त्यामुळे पोटॅशियमचं दार उघडलं की ते बाहेर धाव घेतं आणि जाताना आपला धन भार घेऊन जातं. आतली बाजू आणखी ऋण होते. ती ऋण असली की शेजारची कॅल्शियमची दारं मिटलेली राहतात, आणि कॅल्शियम आत आलं नाही तर स्नायू आखडत नाही. उलट पोटॅशियमची दारं लागली की आतला ऋण भार ओसरतो, कॅल्शियमची दारं किलकिली होतात, मूठ मिटते. हे सगळं काही मिलिव्होल्टच्या फरकावर चालतं. घड्याळातल्या सेलच्या विजेचे शेकडो भाग केले तर त्यातल्या एका-दोन भागांवर.

पोटॅशियमच्या दारांचे प्रकार अनेक. एक पेशीतल्या इंधनावर डोळा ठेवतं, एटीपी घटलं की उघडतं. मिनॉक्सिडिल याच दाराला उघडं धरतं. ते औषध रक्तदाबासाठी आलं होतं, रोग्यांच्या अंगावर केस वाढायला लागले आणि मग टकलांच्या बाजारात त्याचं नशीब फळफळलं. दुसरं नुसत्या व्होल्टेजवर हलतं. पण तुम्ही ज्याच्यासमोर उभे राहणार आहात ते यांच्यातलं सगळ्यात रुंद. शास्त्रज्ञ त्याला बीके म्हणतात, यातला बी 'बिग'चा. एकदा उघडलं की सेकंदाला पोटॅशियमचे कोट्यवधी भारित अणू त्यातून पार होतात, आणि पोटॅशियमहून लहान असलेल्या सोडियमला मात्र ते आत-बाहेर करू देत नाही.

हे दार समजायला पेडण्याच्या माणसाला परदेशात जायला नको. शापोरेच्या आणि तेरेखोलच्या काठाने खाजन शेतं आहेत, भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली. बांधात मानस असते, लाकडी झडपांची. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की तेच झडप दाबून बंद करतं. ओहोटी लागली, आतलं पाणी वर राहिलं, की तेच झडप ढकलून बाहेर पडतं. दार उघडायला माणूस लागत नाही. ज्याला अडवायचं किंवा सोडायचं तेच पाणी दार चालवतं.

बीके तसंच आहे. पेशीच्या आत, पटलाच्या अगदी पाठीला लागून, कॅल्शियमची साठवण असते. अधूनमधून तिच्यातून एक ठिणगी उडते, एवढ्याशा जागेत कॅल्शियमचा भडका. पापणी लवायच्या आत विझतो. सगळ्या पेशीचा हिशोब केला तर ती ठिणगी नगण्य, तिने स्नायू आखडत नाही. पण समोरच्या बीके दारांच्या पुढ्यात ती पुरेशी मोठी असते. ती दारं एकदम उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी सैल होते. म्हणजे जे कॅल्शियम पेशीभर पसरलं तर मूठ मिटवतं, तेच दारासमोर ठिणगी होऊन आलं तर मूठ उघडतं. जागेचा फरक. मला विचाराल तर शरीरातल्या इतक्या नजाकतीच्या गोष्टी फार थोड्या आहेत.

आज रात्री या धमनीत मात्र मानस अडकलीय. विंचवाच्या विषातले जहाल घटक थेट इथे आलेले नाहीत. ते चेतातंतूंच्या टोकांशी बसलेत आणि तिथली सोडियमची दारं मिटू देत नाहीत. ते तंतू, आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी, ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ओततच सुटल्यात. ते या भिंतीवरच्या अल्फा ग्राहकांवर बसतं. ग्राहक आतला कॅल्शियमचा साठा पेशीभर मोकळा करतात आणि वर पोटॅशियमच्या दारांना 'बंद राहा' असा निरोप धाडतात. आवळायचा हुकूम चालू, सैल करायची वाट बंद. सगळ्या अंगभर, एकाच वेळी. हृदय त्या मिटलेल्या मुठींवर धडका देतंय. ते थकलं की पाणी मागे फुप्फुसात भरतं, आणि खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागतो. बोटाचा यात काही संबंध राहिलेला नाही.

हात सोडू नका. याच हाताला धरून वीस वर्षं पुढे चला, मुंबई–गोवा रस्त्याने उत्तरेकडे. पत्रादेवीचा नाका आता नुसता नाका आहे. बांदा, राजापूर, चिपळूण, कशेडीचा घाट, मग महाड. तेव्हाचा कुलाबा जिल्हा. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून एक तरुण डॉक्टर नेमणुकीवर आहे, जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, हिंमतराव बावस्कर.

खाटेवर एक मुलगा आहे. भात, पेंढा, चिरे, कौलं, कशाखाली तरी हात गेला असणार. डॉक्टर त्याच्याजवळ बसून आहे, तासामागून तास. हे वाटतं तितकं साधं नाही. विंचवाचा रोगी म्हणजे बोटात भूल देऊन घरी पाठवायचा, असा रिवाज असताना हा माणूस घाम कधी सुटला, उलटी किती वाजता झाली, हातपाय कधी गार पडले, नाडी कधी मंदावली आणि कधी सुटली, हे वहीत टिपतोय. त्या टिपणांवरचा लेख १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला: लाल विंचवाचा डंख हृदयावर जाणार आहे, हे आधीच सांगणाऱ्या खुणा. खुणा त्याच, ज्या तुम्ही खळ्यात बघितल्या. घाडी खांद्यापासून बोटाकडे उतरत होता. बावस्कर बोटाकडून खांद्याकडे, छातीकडे चढले.

मग उताराही सापडला, आणि तोही दुसऱ्याच दुकानात. प्राझोसिन, रक्तदाबाची गोळी, सत्तरच्या दशकात बाजारात आलेली. ती अल्फा ग्राहकांच्या खुर्चीवर जाऊन बसते. नॉरॲड्रिनॅलिन उभंच राहतं. बावस्कर आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी यांनी ती विंचवाच्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. पथ्य एकच, पण कडक: गोळी दिल्यावर रोग्याला उठवायचं नाही. सगळ्या मुठी एकदम उघडल्या की उभ्या माणसाचं रक्त पायांकडे उतरतं आणि तो कोसळतो. फुप्फुसात पाणी भरलेल्यांसाठी सोडियम नायट्रोप्रुसाइडही वापरलं गेलं. त्यातून नायट्रिक ऑक्साइड निघतं, आणि त्याचा निरोप पेशीत जो दोन-तीन ठिकाणी पोचतो त्यात बीकेचं दारही आहे. गंभीर झालेल्या शंभरांत पूर्वी पंचवीस-तीस जण दगावायचे. प्राझोसिननंतर एकाहून कमी. २०२२ साली हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कोकणात ज्यांना आश्चर्य वाटलं ते 'इतका उशीर का' याचं.

गंमत पुढे आहे. १९९०, अमेरिकेत न्यू जर्सीतलं राहवे गाव, मर्क कंपनीची प्रयोगशाळा. तुम्ही आत शिरता तर इथे खळं नाही, चिमणी नाही, फ्रीज गुरगुरतोय. पण काचेच्या बारीक नळीत जे विरघळवलंय त्याच्या लेबलवर नाव आहे 'ब्यूथस तामुलस'. लाल विंचवाचं तेव्हाचं शास्त्रीय नाव. पेडण्याच्या चुडताखालचा, सातासमुद्रापार.

इथल्या लोकांना मारणाऱ्या विषात रस नाही. ते विषाच्या शेकडो घटकांतून एक वेगळा काढतायत, सदतीस अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, तीन गंधक-टाक्यांनी घट्ट शिवलेली. नाव दिलंय आयबेरियोटॉक्सिन. गाईच्या महाधमनीच्या स्नायुपेशीतून पटलाचा एक तुकडा काचेच्या टोकावर उचललाय; पडद्यावर एका एकट्या बीके दाराचा आलेख पळतोय. खाली, वर, खाली, वर. दार मिटलं, उघडलं, मिटलं. नळीतला थेंब पडतो. रेघ सपाट होते.

बघत राहा. काही मिनिटं ती सपाटच राहते, मग अचानक दार पुन्हा फडफडायला लागतं. साखळीचा तो गोळा बाहेरून दाराच्या तोंडात बुचासारखा बसला होता आणि आपसूक निघाला. किती लागला? लिटरभर पाण्यात ग्रॅमचा दहा लाखावा भाग टाकला तरी जवळपास निम्मी दारं मिटतील. आणि शेजारच्या इतर पोटॅशियम दारांना त्याचा धक्काही नाही. अशी नेमकी किल्ली, खरं तर नेमकं कुलूप, यापूर्वी कुणाच्या हातात नव्हतं. १९८५ पासून दुसऱ्या एका विंचवाचं कॅरिब्डोटॉक्सिन होतं, पण ते दोन-चार दारांत गल्लत करायचं.

कुलूप हाती आल्यावर प्रश्न विचारता येतो: हे दार नेहमी काय करतं? बंद करून बघा. १९९५ साली व्हरमॉन्टमध्ये मार्क नेल्सन यांच्या चमूने मेंदूच्या बारीक धमन्यांत त्या कॅल्शियमच्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकाखाली पकडल्या आणि त्या स्नायूला सैल करतात असं दाखवलं. बीकेला बूच बसलं की धमनी आवळते. २००० साली आणखी एक धागा जुळला. स्नायूंतल्या बीके दाराला बीटा-१ नावाचा जोडीदार असतो, तो नसला तर दाराला ठिणगी नीट दिसत नाही. तो नसलेले उंदीर जन्माला घातले, त्यांचा रक्तदाब चढलेला निघाला. तुमच्या घरात कुणी सकाळी रक्तदाबाची गोळी घेत असेल तर त्याच्या धमन्यांच्या भिंतीत हेच चाललेलं असतं, आत्ता, हे वाचताना.

कोकणात ज्या विंचवाला चप्पल घेऊन मारायला धावतात त्याच्याच नांगीतून हे कुलूप निघालं. दोन्ही कामं जवळपास एकाच दशकातली, एकाच जनावरावरची, एकाच स्नायूच्या भिंतीवरची. एकीकडे मूठ उघडण्याचा खटाटोप, दुसरीकडे ती मुद्दाम मिटवून बघण्याचा. त्या काळचे दोन्हीकडचे लेख शेजारी ठेवून वाचले की मला नेहमी वाटतं, या मंडळींची एकदा डिचोलीच्या बाजारात चहावर गाठ पडायला हवी होती.

परत चला. खळ्यातला हात तुम्ही मघाशी तसाच सोडून आलात.

कोंबडा आरवतोय. चिमणीतलं तेल संपत आलंय. माणूस चुडतांच्या चटईवर आडवा आहे. खोकला आला, पण फेस नाही. तुमच्या खिशात काही नाही, काही असतं तरी १९५७ सालात ते देता आलं नसतं. तेव्हा फक्त हात धरून बसा. बराच वेळ काही होत नाही. मग मनगटाशी पहिल्यांदा काहीतरी वेगळं लागतं, ओलसर पण गार नसलेलं. ऊब तळव्याकडे उतरते, तिथून बोटांकडे. नखांखाली लाली येते. विष ओसरलंय, निरोप थांबलेत, कुठेतरी आत ठिणग्यांना पुन्हा त्यांची दारं सापडलीत. शंभरातल्या त्या सत्तर-पंचाहत्तरांपैकी हा एक.

आणि तेवढ्यात तो ओरडत उठतो.

"बोट! बोट ठणकता माजा!"

घरात पळापळ. हात गरम झालाय, हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. आई पेजेचा टोप चुलीवर ठेवता ठेवता पोराला दटावते, उभा काय राहतोस, जा, घाड्याक पुन्हा बोलव. घाडी डोळे चोळत येतो, डहाळी घेतो, बोटाकडे बघतो. या भागात त्याचं नाव आता आणखी चार गावांत होईल.